दोघांमधली भट्टी

दाजींना जाऊन आठवडा झाला तरी जिन्यातला जळक्या तेलाचा वास गेला नव्हता. थोरल्यांनी नाकाला रुमाल लावला होता. वर दारात त्यांची बहीण अक्का उभी दिसली तसा त्यांनी तो घाईघाईने खिशात कोंबला.

"ये," अक्का म्हणाली. "धाकटा आलाय आधीच."

थोरले पायरीवरच थबकले. मागून चढणारी त्यांची मुलगी ठकी त्यांच्या पाठीवर आपटता आपटता राहिली.

"आधी सांगितलं असतंस तर..."

"तर आला नसतास. म्हणूनच नाही सांगितलं."

वडिलांचा कारखाना दोघा भावांनी मधोमध चिरून घेतला त्याला आता बरीच वर्षं लोटली होती. थोरल्यांनी जुनी जागा ठेवली, धाकट्यांनी नवी यंत्रं नेली. पण करत राहिले दोघंही तेच: लिफ्टच्या ब्रेकमध्ये बसणारी दातेरी चाकं. माल देत राहिले तोही एकाच कंपनीला. फक्त एकमेकांशी बोलत नव्हते. गेल्या आठवड्यात बहिणीच्या नवऱ्याला शेवटचं पोचवायला गेले तेव्हासुद्धा एक गर्दीच्या पुढच्या टोकाला होता आणि एक मागच्या.

भट्टी खाली आणि घर वर, असा अक्काचा संसार. बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून शेड दिसायची. तिचे पत्रे एका बाजूने उचकटून वर वळले होते, आणि त्याखाली जुनी भट्टी काळीठिक्कर उभी होती. तिच्या शेजारची नवी भट्टी मात्र जशीच्या तशी होती, जणू तिला शेजारचं काही ऐकूच आलं नव्हतं.

धाकटे सोफ्याच्या एका टोकाला बसले होते. थोरले दुसऱ्या टोकाला टेकले. मधे एक माणूस आरामात आडवा झोपला असता एवढी जागा उरली. अक्काचा मुलगा भिंतीशी स्टुलावर बसला होता. आजोबांचं नाव ठेवलं म्हणून लहानपणापासून त्याला बापूच म्हणायचे. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता. वडिलांना ओढायला गेला तेव्हा भाजला होता तो.

"हात कसा आहे रे?" थोरल्यांनी विचारलं.

"बरा आहे, मामा."

"बरा कसला," धाकटे म्हणाले. "काल डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो होतो. कातडं अजून ओलं आहे." हे त्यांनी बापूकडे बघत सांगितलं, पण ऐकवलं सोफ्याच्या पलीकडच्या टोकाला.

ठकी खिडकीशी उभी राहिली. बसायला जागा होती, पण बापाच्या आणि काकांच्या मधे जाऊन बसायचं तिच्याने होईना.

ती त्या लिफ्ट कंपनीतच नोकरीला होती. तिच्या कामाची नात्यात थट्टा व्हायची. कोण कोणाकडून काय घेतं, तो पुढे कोणाकडून घेतो, हे विचारत तिने दारोदार फिरायचं, आणि मग कागदावर गोल आणि बाण काढायचे. "हे काम नळावरच्या बायका फुकट करतात," असं धाकटे काका म्हणायचे, आणि तीही हसायची. पण वर्षभर फिरल्यावर तिच्या कागदावर जे उमटलं ते बघून तिला हसू आलं नव्हतं. कंपनीला वाटत होतं की आपण दोन पायांवर उभे आहोत, थोरल्यांचा कारखाना पडला तर धाकट्यांचा आहे. पण दोन्हीकडून निघालेले बाण वाटेत एकाच गोलात शिरत होते, आणि त्या गोलाचं नाव कंपनीच्या दफ्तरात कुठेच नव्हतं, कारण कंपनीचा त्याच्याशी थेट व्यवहारच नव्हता. यंत्रावर कापलेलं चाक मऊ असतं. ते लालबुंद तापवून तेलात बुडवावं लागतं, लोहार पात्याला पाणी देतो तसं, तेव्हा कुठे ते माणसांनी भरलेल्या लिफ्टचं वजन पेलतं. आणि आसपासच्या मुलखात ते काम धडपणे करणारी जागा एकच होती. अक्काची भट्टी.

भावांनाही हे ठाऊक नव्हतं. थोरल्यांचा टेंपो सकाळी पुढच्या फाटकातून यायचा, धाकट्यांचा संध्याकाळी मागच्या. अक्का आणि दाजींनी वर्षानुवर्षं वेळा अशा सांभाळल्या होत्या की दोन ड्रायव्हरांचीही कधी गाठ पडली नाही. दोघाही भावांना वाटायचं, अक्का आपल्या बाजूची आहे.

ठकीने अहवालात स्वच्छ लिहिलं होतं: सगळा भार एका जागी येतो आहे, दुसरी भट्टी उभी करायला मदत करा. वरच्या मजल्यावर तिचं कौतुक झालं. आणि दुसरी भट्टी उभी राहीपर्यंत सावधगिरी म्हणून कंपनीने दोघा भावांना सांगितलं, माल जास्त पाठवा, आम्ही साठवून ठेवतो. दुसऱ्या भट्टीचं नाव पुन्हा निघालं नाही. अक्काच्या भट्ट्या मात्र रात्रंदिवस धडधडायला लागल्या.

"हे बघ अक्का," थोरल्यांनी घसा खाकरला. "झालं ते वाईटच झालं. पण नवी भट्टी शाबूत आहे. साहेब आज येणार आहेत. त्यांना सोमवार सांगून टाकू."

"सोमवार," अक्का म्हणाली.

"माणसं बसून आहेत माझी. तुझीही बसून आहेत."

"दादा बरोबर बोलतोय," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी मान वळवून भावाकडे पाहिलं. धाकटेही स्वतःच्या तोंडून निघालेल्या शब्दांनी जरा चकित झालेले दिसले. पण एकदा सुरुवात झाली तसे ते पुढे सरकून बसले. "नाही म्हणजे, खरंच अक्का. आपण थांबलो तर कंपनी थांबणार नाही. ती दुसरीकडे वाट शोधेल. मग आपण सगळेच बसू हरी हरी करत."

"तेच म्हणतोय मी," थोरले म्हणाले.

अक्का दोघांकडे बघत राहिली. हे दोघं एका सोफ्यावर बसावेत, एका सुरात बोलावेत, यासाठी तिने काय काय केलं होतं. आजारपणं पुढे केली, मुलांचे वाढदिवस पुढे केले, एकदा तर स्वतः पडल्याचं खोटं सांगून दोघांना बोलावलं. तेव्हा थोरला आला आणि धाकट्याची गाडी दिसताच रस्त्यावरूनच परत गेला. आणि आज जमलं होतं. तिच्या नवऱ्याच्या राखेवर पाय ठेवून जमलं होतं.

"आई, मी पेटवतो," बापू म्हणाला. "मला येतं सगळं. बाबांनी शिकवलंय."

"एका हाताने?"

"डावा आहे ना."

"चहा कोणाला हवाय?" अक्का म्हणाली आणि आत गेली. कोणाला हवाय हे ऐकायला ती थांबली नाही.

कंपनीची खरेदी बघणारा साहेब दुपारी आला. खाली गाडीचं दार वाजलं तसे दोघं भाऊ एकदम उभे राहिले, आणि एकमेकांना उभं राहिलेलं पाहून दोघांनाही खाली बसावंसं वाटलं. साहेब सभ्य माणूस होता. त्याने चपला दाराशी काढल्या, बापूच्या खांद्यावर हात ठेवला, दाजींचा एकदाही चेहरा पाहिला नसताना त्यांच्याबद्दल चार बरे शब्द बोलला. मग खुर्चीच्या कडेवर बसला.

"घाई करायची ही वेळ नाही, मला कळतं," तो म्हणाला. "पण आमच्याकडे साठवलेला माल आहे तो फार पुरायचा नाही. तुमच्याकडून एक तारीख मिळाली तर..."

"सोमवार," थोरले म्हणाले.

"सोमवार नक्की," धाकटे म्हणाले.

"मी विचारतोय ते बाईंना," साहेब म्हणाला. मग ठकीकडे वळून कौतुकाने हसला. "खरं सांगू का बाई, तुमच्या भाचीने नकाशा काढला नसता तर तुमचं महत्त्व आम्हाला कळलंच नसतं."

ठकीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"कळल्यावर काय केलंत?" अक्काने विचारलं. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव विचारल्यासारखा.

"माल साठवायला घेतला. तो घेतला नसता तर आज आमचं काम ठप्प असतं."

"मी दुसरी भट्टी लिहिली होती, साहेब," ठकी म्हणाली. "पहिल्याच पानावर."

"तो विषय विचाराधीन आहे."

"तुमचा माल साठत होता ना," अक्का म्हणाली, "तेव्हा आमच्या यांनी एक आठवडा मागितला होता. टाकीतलं तेल थंड ठेवणारा पंप धाप टाकत होता. भट्टी बंद केल्याशिवाय तो उघडता येत नव्हता. तेल फार तापलं की काय होतं ते यांना ठाऊक होतं. आता तुम्हालाही ठाऊक झालंय. खिडकीतून दिसतं."

साहेब खिडकीकडे बघायचं टाळत म्हणाला, "आमच्याकडे अशी काही मागणी आली नाही."

"तुमच्याकडे कशी येईल? तुमचा आमच्याशी व्यवहार होता कुठे? आम्ही यांचे, आणि हे तुमचे." तिने हनुवटीने सोफ्याकडे दाखवलं. "यांच्याकडे मागितला होता."

थोरल्यांना आठवलं. दाजी आले होते खरे. कधी न येणारा माणूस, आणि कारखान्यात यंत्राशेजारी उभा राहून हातातल्या फडक्याला बोटं पुसत होता, पुसलेलीच पुन्हा पुसत होता. एवढ्या आवाजात काय सांगायचं, म्हणून कानाशी वाकून बोलला होता. आठवडाभर माल पाठवू नका, तेवढ्यात पंप करून घेतो. आणि आपण काय म्हणालो? ठकीच्या नकाशामुळे नुकतंच कळलं होतं की धाकट्याचाही माल तिथेच जातो. ती जखम ताजी होती. आपण म्हणालो, "धाकट्याचा थांबवा की. माझाच का?"

"मला एकट्यालाच विचारलं होतं असं नाही..." ते पुटपुटले.

"मला विचारलं होतं," धाकटे त्याच क्षणी म्हणाले, आणि थांबले.

"काय म्हणालास तू?" थोरल्यांनी विचारलं. कितीतरी वर्षांनी भावाला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न.

धाकटे जमिनीकडे बघत होते. "म्हटलं, दादाचा थांबवा."

"रात्री हसत घरी आले," अक्का म्हणाली. "मला म्हणाले, तुझे भाऊ जन्मभर भांडतील, पण उत्तर मात्र दोघांचं एकच येतं. जेवताना दोनदा सांगितलं. फार आवडला होता त्यांना तो विनोद."

बापूने स्टुलावरून आईकडे असं पाहिलं की हे त्यालाही आजच कळत होतं हे ठकीला समजलं.

"मला वाटलं, तू थांबवशील!" धाकटे एकदम ओरडले. "तू मोठा आहेस ना? सगळीकडे मोठेपण मिरवतोस, मग एक आठवडा..."

"आणि तू? नवी यंत्रं नेलीस तेव्हा मोठं-धाकटं आठवलं नाही ते?"

"यंत्रं काढू नकोस!"

"मीच काढणार. माझ्याशिवाय कोण काढणार?"

"बस," अक्का म्हणाली. मोठ्याने नाही. पण दोघंही बसले.

"पेटवायची म्हणता ना? पेटवू," ती म्हणाली. "सोमवारी नाही, तपासणी झाल्यावर. आणि निम्म्या कामावर. एवढी झेपेल, जास्त नाही. म्हणजे नवा पंप बसून सगळं नीट होईपर्यंत मी एकाचाच माल घेईन. कोणाचा ते तुम्ही दोघांनी ठरवा. इथे बसून ठरवा. साहेब साक्षीला आहेत."

"अक्का, हे काय..."

"जो थांबेल त्याचं काम पुढे पहिलं घेईन. शब्द देते."

ठकीने बापाकडे पाहिलं. 'बाबा, तुम्ही थांबा,' तिला म्हणायचं होतं. ती म्हणालीसुद्धा, पण इतक्या हळू की ते फक्त त्यांनाच ऐकू गेलं.

थोरल्यांना ऐकू गेलं होतं. शब्द ओठांपर्यंतही आला. 'मी थांबतो.' दोन शब्द. पण तो उच्चारला की धाकट्याचा चेहरा कसा होईल हे त्यांना स्पष्ट दिसलं. जिंकल्यावर खालचा ओठ दाबून धरायची त्याची लहानपणापासूनची खोड. कॅरम असो, पतंग असो. तो ओठ दिसला आणि शब्द मागे फिरला.

"माझ्याकडे माणसं जास्त आहेत," ते म्हणाले.

"माझं एकदा बंद पडलं की पुन्हा उभं राहणार नाही," धाकटे म्हणाले. "तुला जुनी गिऱ्हाइकं आहेत, दादा. मला ही एकच कंपनी."

"तो दोष माझा?"

"साहेब, तुम्हीच सांगा," धाकटे म्हणाले. "तुम्हाला कोणाचा माल हवा?"

"हो, साहेबांनीच सांगावं," थोरलेही म्हणाले.

पुन्हा एकच उत्तर. अक्काच्या तोंडावर काहीतरी हललं, पण ते हसू नव्हतं.

"घरातल्या गोष्टीत मी काय बोलणार," साहेब म्हणाला.

"झालं तर मग," अक्का उठली. "दोघांचाही नाही. टेंपो पाठवू नका, फाटकं बंद असतील. दोन्ही."

"अक्का, वेड लागलंय का तुला?" थोरले उठून उभे राहिले. "दोन कारखान्यांतल्या माणसांच्या चुली विझतील! तुझ्या एका हट्टापायी..."

"त्या माणसांची नावं मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहेत. त्यांचे टेंपो मी उतरवून घेतलेत. त्यांचं वाईट वाटतंय म्हणून तर तुम्हाला एवढं विचारलं. नाहीतर वर येऊच दिलं नसतं."

धाकट्यांनी तोंडावर हात घेतला. ते रडत होते. थोरल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, सोफ्याच्या मधल्या जागेवर हात टेकवला आणि पुन्हा उचलला. मग जिना उतरून गेले. साहेबही उठला. बापू त्याला सोडायला खाली गेला, आणि ठकीने खिडकीतून पाहिलं, गाडीशी दोघं बराच वेळ बोलत होते. बोलत होता साहेब. बापू ऐकत होता, आणि मधून मधून नव्या भट्टीकडे बघत होता.

कंपनीने वाट काढलीच. पहिले काही महिने चाकं लांबून, जहाजातून मागवली. दरम्यान स्वतःच्या आवारात भट्टी उभी केली. साहेबाने ठकीला बोलावून विचारलं, "भट्टी विकत मिळते. चालवणारा कुठे मिळेल?" त्याला उत्तर ठाऊक होतं. त्याने ते अक्काच्या फाटकातच विचारून घेतलं होतं. ठकीने त्या आठवड्यात राजीनामा दिला. कोणी फारसं थांबवलं नाही. तिच्यासारखे गोल आणि बाण काढायला आता दोन मुलं नेमली होती.

धाकट्यांचा कारखाना आधी बंद पडला. आपलं पुन्हा उभं राहणार नाही, हे ते खोटं बोलले नव्हते. यंत्रं उचलून नेत होते त्या दिवशी थोरले तिथे गेले, रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून आतच बसून राहिले. धाकट्यांनी त्यांना पाहिलं. दोघांपैकी कोणीही रस्ता ओलांडला नाही. थोरल्यांच्याकडे कंपनीचं काम थोडंफार राहिलं, पण कापलेलं मऊ चाक तसंच द्यायचं, भावही कंपनी सांगेल तो. तीन पाळ्यांची एक पाळी झाली. ठकी घरात होती, पण जेवणाच्या टेबलावर बापलेकींचं बोलणं मीठ आणि पाणी यांच्यापुढे जात नव्हतं.

बापूने आईला सांगितलं ते कंपनीच्या भट्टीवर रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी. हाताचं बँडेज निघालं होतं. नवं कातडं गुलाबी आणि चकचकीत होतं, बोटं पूर्ण मिटत नव्हती. अक्का त्यावर तेल चोळत होती, रोज चोळायची तसं.

"कळलं होतं मला," ती म्हणाली. "गाडीशी उभा होतास तेव्हाच."

"रागावलीस?"

"नाही. काम तेच येतं तुला. दुसरं काय करशील?"

"फार चांगलं केलंय त्यांनी सगळं, आई. पंप दोन आहेत. एक बंद पडला की दुसरा आपोआप सुरू होतो. तेल किती तापलंय ते भिंतीवर दिसतं."

"आणि दोन्ही धाप टाकायला लागले तर?"

"तर भट्टी थांबवायची."

"कोण थांबवणार?"

"मीच," बापू म्हणाला. मग थोडा घुटमळला. "म्हणजे मी सांगायचं."

"कोणाला?"

"साहेबांना. ते हो म्हणाले की मग थांबवायची."

अक्काने त्याच्या बोटांवरचा हात काढला नाही. एकेक बोट धरून, हलक्या हाताने, मिटेल तितकं मिटवत राहिली.

"तुझे बाबाही सांगायलाच गेले होते," ती म्हणाली.